कोलॅजनचे ग्रॅम प्रथिनांच्या हिशेबात धरू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पणजी, म्हापसा, मडगावच्या औषधांच्या दुकानांत हल्ली प्रोटीन पावडर आणि कोलॅजनचे डबे एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. चमचा सारखा, स्वाद सारखे, आणि 'प्रोटीन' हा शब्द दोन्हींवर ठळक. साहजिकच गिऱ्हाईक विचारते, "दोघांतले चांगले कुठले?" दुकानदार जे महाग ते पुढे करतो. पण या दोन पावडरींचे काम वेगळे आहे आणि एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. साठीच्या पुढच्या बायका स्नायूंसाठी कोलॅजन घेतात, तर जिमला जाणारी मुले व्हेच्या, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीच्या, भावात कोलॅजन मिसळलेले बार खातात. दोघांचेही पैसे जातात. म्हणून हे पत्र.

कोलॅजन हे प्रथिनच आहे, त्यात खोटे काही नाही. मात्र जी नऊ अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) शरीराला अन्नातूनच मिळावी लागतात, त्यांतले ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये अजिबात नसते. प्रथिनांचा दर्जा ठरवण्याची पीडीसीएएएस नावाची मान्य पद्धत आहे. जे आवश्यक अमिनो आम्ल सर्वांत कमी, त्यावरून तिच्यात गुण ठरतात. व्हे, दूध आणि अंडे यांना तिथे पूर्ण १ गुण मिळतो, कोलॅजनला शून्य. शून्य म्हणजे ते विष आहे असे नव्हे. पोटात दुसरे काहीच गेले नाही तर एकट्या कोलॅजनवर शरीर ऊती बांधू शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरा फरक ल्युसिनचा. स्नायू बांधायला सुरुवात करा, हा इशारा मुख्यत्वे हे अमिनो आम्ल देते, आणि त्यासाठी एका जेवणात साधारण २.५ ग्रॅम ल्युसिन लागते. वय वाढले की थोडे जास्तच. व्हेच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते १०-११ ग्रॅम असते, कोलॅजनमध्ये जेमतेम ३. म्हणजे २५ ग्रॅम व्हे प्रथिनांत जे काम होते त्यासाठी कोलॅजन ८० ग्रॅमच्या वर घ्यावे लागेल, आणि तेवढे कोणी घेत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वयस्क स्त्रियांच्या एका गटाला व्हे आणि दुसऱ्या गटाला कोलॅजन, प्रत्येकी ३० ग्रॅम दिवसातून दोनदा दिले होते. स्नायूंतील प्रथिननिर्मिती टिकून वाढली ती व्हेच्या गटात. पाय लटपटतात, जिना चढताना कठड्याला धरावे लागते, अशा तक्रारीवर कोलॅजन सुचवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

मग कोलॅजनमध्ये आहे तरी काय? त्यातील जवळपास दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. शिवाय प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन भरपूर. पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात. डब्यातले कोलॅजन जसेच्या तसे गालावर किंवा गुडघ्यात जाऊन बसत नाही. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही छोटे तुकडे मात्र अखंड रक्तात उतरतात, आणि त्वचेतील व कूर्चेतील पेशींना ते चेतवत असावेत, असा या सगळ्यामागचा तर्क आहे. तर्क टाकाऊ नाही. पण पुरावा तपासला की उत्साह ओसरतो. २०२५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्वचेवरील २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या चाचण्या मिळून फायदा दिसतो. कंपन्यांचे पैसे नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की तो दिसेनासा होतो. सांध्यांबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्येच कोलॅजन हायड्रोलायसेटचा (हायड्रोलाइज्ड, म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेल्या कोलॅजनचा) दावा पुराव्याअभावी नाकारला होता.

त्वचेसाठीच पैसे खर्चायचे असतील तर गोव्याच्या उन्हात आधी सनस्क्रीन घ्यावे आणि तंबाखू सोडावी. अतिनील किरणे व धूर त्वचेतील कोलॅजन तोडतात, याबद्दल दुमत नाही. एवढे करूनही कोणाला प्रयोग करायचाच असेल तर त्वचेसाठी रोज २.५ ते ५ ग्रॅम, सांध्यांसाठी १० ग्रॅम हायड्रोलाइज्ड कोलॅजन, सलग तीन महिने. तेवढ्यात फरक पडला नाही तर दुसरा डबा आणू नये. गुडघेदुखीत मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आणि उतरवलेले चार-पाच किलो वजन कुठल्याही पावडरीपेक्षा भरवशाचे.

इथे एक गफलत सर्रास होते. सांध्यांसाठी 'अनडिनेचर्ड टाइप टू' नावाचे, मूळ रचना न मोडलेले कोलॅजन कॅप्सूलमध्ये मिळते आणि त्याची मात्रा फक्त ४० मिलिग्रॅम असते. ते कच्चा माल म्हणून नव्हे, तर आतड्यातल्या प्रतिकारयंत्रणेमार्फत काम करते असे मानतात. साधे हायड्रोलाइज्ड कोलॅजन ४० मिलिग्रॅम घेणे म्हणजे काहीच न घेणे. उलट १० ग्रॅमचा नियम लावून त्या कॅप्सूल मूठभर गिळण्यातही अर्थ नाही. गमीजचेही, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांचेही, तसेच. एका गोळीत साखरच जास्त आणि कोलॅजन फार तर एक-दोन ग्रॅम.

शरीर स्वतःचे कोलॅजन बांधते तेव्हा त्याला क जीवनसत्त्व लागतेच. ते नसेल तर प्रोलिनचे हायड्रॉक्सीप्रोलिन होत नाही आणि धाग्याला पीळ बसत नाही. पण त्यासाठी क जीवनसत्त्व घातलेला महागडा डबा घेण्याचे कारण नाही. अर्धा पेरू किंवा एक कच्चा आवळा पुष्कळ झाला. आवळा उकळून मुरंबा केला की क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, हे मात्र लक्षात ठेवावे.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. प्रथिने कमी पडतात का, आणि किती? आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली. साठ किलोच्या बाईला झाले ५० ग्रॅम. साठीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरावे, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. वजने उचलणाऱ्याला १.४ ते २ लागते.

आपल्या घरचा हिशेब मांडू. सकाळी दोन पाव आणि पातळ भाजी म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास. दुपारी शीत (भात), हुमण (माशांची आमटी) आणि मध्यम आकाराचे दोन बांगडे. एका बांगड्याचे काटे-डोके वगळून ६०-६५ ग्रॅम मांस निघते आणि त्यात १२ ग्रॅम प्रथिने असतात. भातासकट दुपारचे ३० ग्रॅमच्या वर जाते. संध्याकाळचा चहा-बिस्किट २-३, रात्री वरण-भात-भाजी १२. एकूण ६०च्या घरात. नुस्ते खाणाऱ्या घरात डब्याची गरज बहुधा नसतेच.

खड्डा पडतो तो पावसाळ्यात. जून आणि जुलैत मासेमारीबंदी, ती उठते न उठते तोच श्रावण, आणि पुष्कळ घरांत चतुर्थीपर्यंत शाकाहार. ताटातले दोन बांगडे गेले की त्याच माणसाची प्रथिने ४० ग्रॅमवर येतात, कारण मासळीच्या जागी दुसरे काही येत नाही, भातच वाढतो. सुक्या मासळीने थोडी भरपाई होते, पण रक्तदाब असलेल्यांना त्यातले मीठ झेपत नाही. भरून काढायचे ते हेच १० ते २० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या मुगांच्या मुगागाठीत (मुगाच्या उसळीत) ७ ग्रॅम, ४० ग्रॅम अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोणाकात, म्हणजे रस्साभाजीत, ९ ते १०, पेलाभर दुधात ६, आणि २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांत १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी रोज ताटात आल्या की हिशेब जुळतो. श्रावणात प्रोटीनचा डबा आणणाऱ्यांनी आधी तोणाक चण्या-अळसांद्यांचे आहे की नुसत्या बटाट्याचे, ते पाहावे.

पावडर लागते ती कोणाला? दात नाहीत किंवा भूक मेली आहे असे वृद्ध, हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर असलेले, कडधान्याने पोट फुगणारे शाकाहारी, आणि ज्यांचा व्यायाम खरोखरच जड आहे असे खेळाडू. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. निरोगी तरुणांपुरते ते मला पटते. वृद्धांच्या बाबतीत तो सल्ला सरसकट लावू नये. पेजेवर दिवस काढणाऱ्या आजीला आणखी एक वाटी उसळ खा म्हणून सांगून ती खाणार नाही. नाचण्याच्या तिजणात (पातळ खिरीत) बिनस्वादाचे १५ ग्रॅम व्हे घातले तर ते सहज पोटात जाते. मात्र द्यायचे ते कमी पडते तेवढेच. चमचा मोठा आहे म्हणून भरून देऊ नये.

व्हे हे दुधाचेच पाणी. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे असते. चीज करताना निथळणारे पाणी गाळून, वाळवून ही पावडर बनते. 'कॉन्सन्ट्रेट ८०'मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि थोडे लॅक्टोज (दुधातली साखर), 'आयसोलेट'मध्ये ९० टक्के किंवा अधिक आणि लॅक्टोज नाममात्र. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडत असेल तर आयसोलेट घ्यावे, नाहीतर कॉन्सन्ट्रेट पुरे. दुधाची ॲलर्जी असेल तर दोन्ही चालत नाहीत, तेव्हा सोया किंवा वाटाण्याची पावडर पाहावी. 'मास गेनर' या नावाचा मोठा डबा म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठाची साखर. मधुमेह्याने त्याला हात लावू नये.

डबा घेताना पुढची चित्रे सोडून मागचा तक्ता वाचावा. एका चमच्यातली प्रथिने भागिले चमच्याचे वजन. ३३ ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम असतील तर ७३ टक्के, ठीक. ५०च्या खाली गेले तर ते गोड पीठ. मग एका ग्रॅम प्रथिनाचा भाव काढावा. समजा, किलोचा व्हेचा डबा २,४०० रुपयांना आहे. ३० चमचे, ७२० ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये ३३ पैसे. २५० ग्रॅमचा कोलॅजनचा डबा १,२०० ला असेल आणि १० ग्रॅमच्या चमच्यात ८ ग्रॅम कोलॅजन, तर ग्रॅमला ६ रुपये. दूध ६० रुपये लिटर धरले तर ग्रॅमला २ रुपयांच्या आत, आठ रुपयांच्या अंड्यात सव्वा-दीड रुपया, सोयाबीन वड्यांत तर तीस-पस्तीस पैसे. हा हिशेब कागदावर उतरवला की निम्मे लोक डबा परत फळीवर ठेवतात.

भेसळीची तऱ्हा सांगायलाच हवी. प्रयोगशाळेत सहसा प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, दुधाच्या प्रथिनांसाठी ६.३८ ने. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो आम्ल, आणि त्यात नायट्रोजन १८.७ टक्के. १० ग्रॅम ग्लायसिन टाकले की तक्त्यात ११.७ ग्रॅम 'प्रथिने' दिसतात, स्नायूंच्या वाट्याला येते जवळपास काही नाही. टॉरिन आणि क्रिएटिनही असेच वापरता येतात. प्रोटीन बारमध्ये व मिश्र पावडरींत कोलॅजन घालून ग्रॅमचा आकडा फुगवणे हा त्याचाच सभ्य अवतार आहे. कायदा मोडत नाही, पण गिऱ्हाईक फसतेच. घटकांच्या यादीत पहिल्या तीन-चार नावांत ग्लायसिन, टॉरिन, 'हायड्रोलाइज्ड जिलेटिन' किंवा कोलॅजन दिसले आणि डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता नसला, तर तो घेऊ नये. तक्ता असेल तर एका चमच्यात ल्युसिन किती ते पाहावे. २४-२५ ग्रॅम प्रथिनांमागे ते २.४-२.५ ग्रॅमच्या आसपास हवे. भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी 'मेडिसिन' या नियतकालिकात २०२४ मध्ये आली होती. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती.

एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना डब्यावर असलीच पाहिजे. क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. जिममध्ये सुट्या पिशवीत किंवा सील तुटलेल्या डब्यातून मिळणारी पावडर ओळखीच्या ट्रेनरने दिली तरी नको. कोलॅजन गुरांच्या किंवा डुकराच्या कातड्यातून, नाहीतर माशांच्या कातडी-खवल्यांतून काढतात. वनस्पतींत ते नसतेच. म्हणून खऱ्या कोलॅजनवर हिरवा ठिपका असू शकत नाही, चौकटीतला तपकिरी त्रिकोणच असतो. हिरव्या ठिपक्याचे 'कोलॅजन बिल्डर' म्हणजे क जीवनसत्त्व, बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) आणि काही अर्क. कोणत्या प्राण्यापासून, हे लिहिलेले नसेल तर कंपनीला विचारावे. आपल्याकडे तीनही धर्मांच्या घरांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, शिवाय माशांची ॲलर्जी असलेल्याला 'मरीन' कोलॅजनने त्रास होऊ शकतो.

कालवण्याविषयी थोडे. व्हे उकळत्या दुधात किंवा पेजेत टाकले की त्याचे फुटलेल्या दुधासारखे कण होतात. ७० अंशांच्या पुढे त्याची प्रथिने गोठू लागतात. पोषण कमी होत नाही, पण ते गिळवत नाही आणि डबा कपाटात पडून राहतो. पेज हाताला कोमट लागली की मग घालावे. आधी पाणी, वर पावडर, असा क्रम ठेवला की तळाशी गोळे बसत नाहीत. कोलॅजन गरम चहा-कॉफीतही विरघळते. ते हायड्रोलाइज्ड आहे की नुसते जिलेटिन, हे घरी कळते. १० ग्रॅम पावडर अर्धा कप गरम पाण्यात विरघळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी जेली झाली तर ते जिलेटिन, पातळ राहिले तर हायड्रोलाइज्ड. जिलेटिन वाईट नाही, पण त्याला कोलॅजन पेप्टाइडचा (हायड्रोलाइज्ड कोलॅजनचा) भाव देण्याचे कारण नाही.

आपल्या पावसाळी हवेत दोन्ही पावडरी ओल ओढतात, कोलॅजन अधिकच. ओला चमचा आत घातला की आठवड्यात ढेकळे होतात आणि मग बुरशी. आतली सिलिकाची पुडी फेकू नये, डबा गॅसजवळ ठेवू नये. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. जून ते सप्टेंबर अर्ध्या किलोहून मोठा डबा आणू नये, मग मोठ्यावर कितीही सूट असो. वास कुबट आला किंवा चव कडवट झाली की टाकून द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे मधुमेह्यांसाठी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडते ते गाजावाजा न करता, आणि बिघडलेल्या मूत्रपिंडावर जादा प्रथिनांचा भार नको असतो. डायलिसिस सुरू नसलेल्या अशा रुग्णाला प्रथिने वाढवायची नव्हे, बहुधा मोजून कमी करायची असतात. म्हणून मधुमेह किंवा जुना रक्तदाब असलेल्याने रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासल्याशिवाय कोणताही डबा उघडू नये. मुतखडा होऊन गेलेल्यांनी कोलॅजन जपून घ्यावे, कारण हायड्रॉक्सीप्रोलिनपासून शरीरात ऑक्झलेट बनते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमयुक्त किंवा सोया पावडर यांत चार तासांचे अंतर हवे. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळी आणि पावडर यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. कोलॅजनच्या पुष्कळ डब्यांत बायोटिन असते. त्याची मात्रा मोठी असेल तर थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येतात, हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचेसुद्धा. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते थांबवावे आणि लॅबला तसे सांगावे.

या पत्राच्या निमित्ताने दोन विनंत्या. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाने जिम आणि औषधांच्या दुकानांतून पावडरींचे नमुने घेताना नुसता नायट्रोजन न मोजता अमिनो आम्लांची तपासणीही करून घ्यावी आणि निकाल डब्यांच्या नावांनिशी जाहीर करावेत. आणि वृत्तपत्रांनी, आपल्यासकट, आरोग्य पुरवणीत कोलॅजनच्या लेखाशेजारी कोलॅजनचीच जाहिरात छापू नये. लेख जाहिरातदाराने पुरवलेला असेल तर तसे ठळक अक्षरांत लिहावे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, फोंडा